गाडी वीज परत देते का गं, ताई?

अगं, तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. शोरूममधल्या मुलानं जावईबापूंना सांगितलं म्हणे, की इलेक्ट्रिक गाडी घेतली की तिच्यातली वीज महावितरणला परत देता येते, मीटर उलटं फिरतं आणि गाडीचा निम्मा हप्ता वीजबिलातूनच सुटतो. त्या भरवशावर तुम्ही खालचं मॉडेल सोडून वरचं घ्यायच्या बेतात आहात. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही म्हणून बुकिंग रविवारवर गेलंय, तेवढीच काय ती उसंत. तर शनिमहाराजांच्या कृपेनं मिळालेल्या या उसंतीत मी सांगते ते ऐक. डिप्लोमाच्या पोरांना इतकी वर्षं पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आता धाकट्या बहिणीचा तास घेते.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. गाडी वीज बाहेर देऊ शकते, हे खरं. ती तुमच्या दुकानाचे दिवे, पंखा, मिक्सर चालवेल, हेही खरं, फक्त त्यासाठी गाडी त्या जातीची हवी. पण ती महावितरणच्या तारेत वीज सोडेल आणि त्याचे पैसे तुमच्या बिलात वळते होतील, हे आज आपल्याकडं नाही. त्या मुलाला मी खोटारडा म्हणत नाही. शिंगणापूरच्या रस्त्यावर गाड्या अडवणारे लटकू तू रोज बघतेस. ‘पार्किंग फुकट’ म्हणतात, आणि पार्किंग खरंच फुकट असतं. पुढं पूजेच्या ताटाचे किती मोजावे लागतील तेवढं बोलत नाहीत. या मुलाचंही तसंच झालंय. त्यातला ‘वीज बाहेर येते’ हा भाग खरा, आणि ‘मीटर उलटं फिरतं’ हा कुठल्यातरी परदेशी व्हिडिओतला.

आता गाडीच्या पोटात बघू. भिंतीवर जो डबा बसवून देतात त्याला सगळे चार्जर म्हणतात. खरा चार्जर गाडीच्या आत असतो. भिंतीवरचा डबा गाडीला फक्त सांगतो की या लाईनवरून तू इतके अँपिअर ओढू शकतेस, आणि काही बिघडलं तर वीज तोडतो. घरात येते ती एसी, २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा आवर्तन घेणारी. बॅटरीला लागते डीसी. हा बदल करणारा गाडीतला भाग म्हणजे ऑनबोर्ड चार्जर. साध्या गाड्यांत तो ३.३ किलोवॉटचा असतो, जरा बऱ्या गाड्यांत ७.२ चा. महामार्गावरच्या फास्ट चार्जिंगला मात्र हा भाग वापरातच येत नाही. तिथं स्टेशनमधल्या मोठ्या कपाटातच एसीची डीसी होते आणि ती थेट बॅटरीत जाते. हा फरक लक्षात ठेव, पुढं लागेल.

ऑनबोर्ड चार्जरमध्ये आधी एसीची डीसी होते. मग ती डीसी फार वेगानं चालू-बंद करून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडं नेतात, म्हणजे घरची लाईन आणि बॅटरी यांचा थेट तारेनं संबंध राहत नाही. पलीकडं गेल्यावर पुन्हा डीसी करून बॅटरीत सोडतात. बहुतेक स्वस्त चार्जरांमध्ये या शेवटच्या टप्प्याला डायोड बसवलेले असतात, आणि डायोडमधून वीज एकाच दिशेनं जाते. तिथं गोष्ट संपली. मोबाइलवरून अपडेट घेतला, कंपनीच्या इंजिनिअरनं लॅपटॉप लावला, तरी डायोड उलटा वाहत नाही. ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’ असं कुणी अशा गाडीबद्दल सांगितलं तर मान हलव आणि चहा पिऊन बाहेर पड.

त्या डायोडांच्या जागी मॉसफेट नावाचे, हुकमावर चालू-बंद होणारे स्विच लावले, आणि अलीकडच्या टप्प्यातही तेच केलं, तर तेच सर्किट उलटं चालतं. बॅटरीतून डीसी घ्यायची आणि २३० व्होल्टची एसी बाहेर द्यायची. याला बायडायरेक्शनल ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. तुझ्या प्रश्नातला तांत्रिक भाग इथं सुटतो: होय, गाडीतला चार्जर दोन्ही दिशांनी चालेल असा बनवता येतो, बनतोही. स्विच वाढले, ते चालवणारी सर्किटं वाढली, की किंमत वाढते. म्हणून तो बहुतेक वरच्या मॉडेलातच सापडतो.

आपल्याकडं अशा गाड्या येऊन फार दिवस झाले नाहीत. ह्युंदाईची आयोनिक ५ जानेवारी २०२३ मध्ये आली, ती बाहेरची उपकरणं चालवू शकत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टाटानं नवी नेक्सॉन ईव्ही आणली, तिच्यात ३.३ केव्हीएपर्यंत वीज बाहेर देण्याची सोय होती. शिवाय दुसऱ्या बंद पडलेल्या इलेक्ट्रिक गाडीला थोडं चार्जिंग देता येईल अशीही. मग २०२४ मध्ये कर्व्ह, जानेवारी २०२५ मध्ये क्रेटा इलेक्ट्रिक, जूनमध्ये हॅरिअर ईव्ही. नेक्सॉन तर आपल्याच नगर-पुणे रस्त्यावर रांजणगावला बनते. तू माहेरी येताना तो कारखाना मागं टाकून येतेस.

या सोयीला सगळे ‘व्हीटूएल’ म्हणतात, म्हणजे गाडीतून थेट उपकरणाला वीज. चार्जिंगच्या तोंडात एक अडॅप्टर खोचायचा, त्याला पुढं साधं सॉकेट असतं. त्या अडॅप्टरमध्ये ठरावीक किमतीचा एक रेझिस्टर असतो. तो मोजून गाडीला कळतं की समोर चार्जिंगची केबल नाही, सॉकेट आहे, आता वीज घ्यायची नाही, द्यायची आहे. किती साधी युक्ती बघ. माझ्या वर्गातली पोरं हे कळलं की हसायची, एवढ्याशा रेझिस्टरवर लाखोंची गाडी चालते म्हणून.

आणि इथंच जावईबापूंचा गैरसमज होतोय. उपकरणाला वीज देणारी गाडी ग्रीडलाही, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यालाही, देईलच, असं त्यांना वाटतं. सर्किट बऱ्याच अंशी तेच असतं, म्हणून वाटणं साहजिक आहे. पण काम वेगळं आहे.

व्हीटूएलमध्ये गाडी एकटी असते. व्होल्टेज तिनं ठरवायचं, फ्रिक्वेन्सी तिनं ठरवायची, समोरचा मिक्सर निमूट ती घेतो. ग्रीडला वीज द्यायची तर तिथं आधीच अख्ख्या देशाची वीज एका तालात वाहतेय. आपल्या ग्रीड कोडप्रमाणं फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायची असते, आणि क्षणाक्षणाला ती त्यात थोडी खालीवर होत असते. तिथं गाडीनं स्वतःचा हेका चालवून भागत नाही. तिला ग्रीडच्या मागं मागं जावं लागतं.

हे काम तुझ्या घरापासून काही अंतरावर दर हंगामात चालतं. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने बगॅस जाळून वीज करतात, स्वतःला लागेल तेवढी वापरतात आणि उरलेली महावितरणला विकतात. तिथला जनरेटर ग्रीडला जोडण्याआधी ऑपरेटर पॅनेलसमोर उभा राहतो. व्होल्टेज जुळलं का, फ्रिक्वेन्सी जुळली का, दोन्हीकडच्या लाटा एकाच क्षणी चढतायत का, हे बघूनच ब्रेकर टाकतो. चुकीच्या क्षणी टाकला तर टर्बाइनच्या शाफ्टला हादरा बसतो. हे झालं यंत्राचं. त्याच्याआधी वीज खरेदीचा करार असतो, दर ठरलेला असतो, आत किती गेली आणि बाहेर किती आली हे मोजणारं मीटर असतं, दोष आला तर आपोआप तुटणारे रिले असतात आणि त्यांची तपासणी झालेली असते. एवढं सगळं जमल्यावर कारखान्याची वीज तारेत जाते. वीज विकणं हा धंदा किती अवघड, हे आपल्या भागाला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेनं शेजारच्या तालुक्यांतली किती गावं चार दशकं सांभाळली, आणि २०११ मध्ये परवाना संपल्यावर ती सगळी महावितरणकडं गेली. तेव्हाच्या थकबाकीच्या गप्पा नगरच्या एसटीत अजून ऐकू येतात.

गाडीला हेच सगळं, छोट्या मापात, करावं लागेल. त्यातली सगळ्यात महत्त्वाची अट तुला सोलरवरून कळेल. आमच्या इमारतीच्या गच्चीवर सोलर आहे. लाईट गेली की भर दुपारी, ऊन तळपत असताना, तेही बंद पडतं. शेजारच्या काकू दरवेळी विचारतात, पॅनेल बिघडलं का गं? बिघडलेलं नसतं, ते नियमाप्रमाणं बंद झालेलं असतं. ग्रीडला जोडलेल्या इन्व्हर्टरनं, ग्रीड गेलं की लगेच वीज सोडणं थांबवलं पाहिजे. नाहीतर महावितरणचा वायरमन ‘लाईन बंद आहे’ म्हणून खांबावर चढेल आणि गच्चीवरून आलेली वीज त्याला खाली पाडेल. सोलर इन्व्हर्टरची ही चाचणी होते, प्रमाणपत्र मिळतं, मगच दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारं नेट मीटर लागतं. तुमच्या गाडीच्या चार्जरची उपकरणं चालवण्यासाठी चाचणी झालेली असते. आपल्या ग्रीडला जोडण्यासाठी झालेली नसते.

आणखी एक बारकी गोष्ट. घरच्या एसी चार्जिंगला डबा आणि गाडी यांच्यात जो संवाद होतो तो फार तोकडा आहे. इतके अँपिअर घे, थांब, दोष आहे, बस्स. ‘आता परत दे, इतकी दे, इतका वेळ दे’ असं सांगायला त्यात जागाच नाही. त्यासाठी नवी भाषा लागते, तिचं जागतिक मानक २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे गाडी, डबा, मीटर आणि वीज कंपनी या चौघांनी ती भाषा शिकायची आहे. आपल्या घरातला एकही त्यातला नाही.

मग परदेशात कसं होतं, असं जावईबापू विचारतील. होतं, आणि तेही कालपरवाचं नाही. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या विलेट केम्पटन यांनी सहकाऱ्यासोबत १९९७ मध्येच मांडलं होतं की उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या वीज कंपनीला कामी येतील. पुढं २००९ मध्ये डेलावेअर राज्यानं कायदाच केला, की गाडीतून परत आलेल्या विजेचं श्रेय ग्राहकाला द्यायचं. यंत्रासोबत कायदाही आला, म्हणून तिथं काम पुढं सरकलं. जपानमध्ये २०११ चा भूकंप आणि फुकुशिमा यांनंतर वीज तुटली, तेव्हा निसाननं लीफ गाडीतून अख्खं घर चालवण्याची व्यवस्था २०१२ मध्ये विकायला काढली. पण ती ऑनबोर्ड चार्जरमधून नव्हती. बॅटरीची डीसी थेट बाहेर घ्यायची आणि भिंतीवरच्या मोठ्या पेटीत तिची एसी करायची. बराच काळ जगभर हीच वाट रुळली, कारण वीज कंपन्यांना ती सोयीची वाटते. वीज उलटी करणारी पेटी एका जागी भिंतीला असते, सोलर इन्व्हर्टरसारखी तपासता येते, तिच्यावर त्या गावच्या नियमाचा शिक्का मारता येतो. फक्त ती पेटी महाग पडते.

गाडीतल्याच चार्जरमधून द्यायचं म्हटलं की अडचण अशी, की इन्व्हर्टरला चाकं आहेत. तो आज शिंगणापुरात, उद्या पुण्यात, परवा बेळगावात. कुठल्या वीज कंपनीनं त्याला मंजुरी द्यायची? हा प्रश्न युरोपात काही ठिकाणी सुटलाय. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात जून २०२५ मध्ये रेनॉल्ट ५ गाड्या भाड्यानं फिरवायला सुरुवात झाली, पहिल्या खेपेला ५० गाड्या. त्यांच्या ऑनबोर्ड चार्जरमधूनच, रस्त्याकडेच्या खांबाला लावून, वीज शहराच्या जाळ्यात परत जाते. तेव्हा ‘ऑनबोर्ड चार्जरमधून ग्रीडला वीज जाऊच शकत नाही’ असं म्हणणाराही चूक. पण तिथं गाडीची कंपनी, गाडी भाड्यानं देणारे, महापालिका आणि वीज जाळ्याचे मालक एकत्र बसले, मग हे झालं. एकट्यानं गाडी आणून कुणी केलेलं नाही.

आपल्या देशात हे अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. केरळच्या वीज मंडळानं पवईच्या आयआयटीला सोबत घेऊन असा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतलाय. म्हणजे डोकं महाराष्ट्रातलं, आणि परीक्षा केरळात. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, पण असो. घरगुती ग्राहकानं गाडीतली वीज महावितरणला द्यावी आणि त्याचा मोबदला घ्यावा अशी चालू योजना आज आपल्याकडं नाही. नेट मीटरिंगचे राज्य आयोगाचे २०१९ चे नियम आहेत, ते छतावरच्या सोलरसारख्या नव्यानं वीज करणाऱ्या संचांसाठी. गाडी वीज करत नाही. ती काल घेतलेली आज परत देते.

यावरून हिशेबाकडं येते, कारण तुमचं खरं घोडं तिथंच अडलंय. समजा उद्या सगळे नियम झाले, गाडीही त्या जातीची आली. तरी निम्मा हप्ता सुटेल का? चार्ज करताना साधारण आठ टक्के वीज उष्णतेत जाते, परत देताना तेवढीच. म्हणजे १२ युनिट घातलीस तर हातात जेमतेम १० परत. युनिटला युनिट वळतं करायचं म्हटलं तर प्रत्येक फेरीला दोन युनिटांचा तोटा. मग फायदा कधी? वीज घ्यायची वेळ फार स्वस्त आणि द्यायची वेळ फार महाग असेल तेव्हाच. आपल्याकडं महावितरणनं जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणं वापर मोजणारं, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागं ८० पैशांपासून सवलत दिलीय. युनिट आठ रुपयांचं धरू, नुसतं हिशेबासाठी. दुपारी ७ रुपये २० पैशांनी १२ युनिट भरलीस, ८६ रुपये ४० पैसे झाले. संध्याकाळी १० युनिट आठ रुपयांनी परत दिलीस, ८० रुपये आले. पदरचे ६ रुपये ४० पैसे गेले, आणि बॅटरी एवढी झिजली ती वेगळी. दुकानाची वही तू सांभाळतेस, तूच सांग, हा धंदा करशील का?

दुपार आणि संध्याकाळ यांच्या दरात कधीतरी मोठी दरी पडेल, तेव्हा हे गणित उलटेल. सौर कृषी वाहिनीसारख्या योजनांमुळं दुपारची वीज वाढत चाललीय. त्या योजनेची सुरुवातीची चाचणी आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाली होती. दुपारी वीज भरपूर आणि दिवेलागणीला टंचाई, असं चित्र जसजसं पक्कं होईल तसतशी उभ्या गाड्यांच्या बॅटरीची किंमत वाढेल. म्हणून मी या तंत्राला नावं ठेवत नाही. मला ते आवडतं. फक्त त्याच्या नावावर आज जास्तीचे पैसे मोजू नका, एवढंच.

ग्रीडचं भलं करायची हौस असेल तर त्याला गाडीतून वीज परत देणं लागतही नाही. संध्याकाळी सात वाजता सगळं गाव दिवे, टीव्ही, मोटर लावून बसतं, तेव्हा गाडी चार्जिंगला लावू नका. दुपारी लावा. संध्याकाळी न घेतलेलं युनिट आणि परत दिलेलं युनिट, दोन्हींनी ताण सारखाच हलका होतो, आणि पहिल्यात एक पैसाही वाया जात नाही. जावईबापू सकाळी शिर्डीच्या भाविकांची फेरी करून दुपारी घरी येतात, जेवतात, झोपतात. गाडीची तीच वेळ.

आता व्हीटूएलबद्दल बोलते. तुमच्यासारख्यांना त्याचा खरा उपयोग आहे. शनी अमावास्येला रात्रभर गर्दी असते, आणि नेमकी तेव्हा लाईट गेली की तेलाच्या बाटल्या, रुईच्या माळा, काळे उडीद आणि सुटे पैसे यांचा अंधारात जो गोंधळ उडतो तो मी एकदा पाहिलाय. ३.३ केव्हीएमध्ये दुकानाचे सगळे एलईडी, दोन-चार पंखे, फ्रिज, मोबाइल चार्जर, क्यूआर कोडचा बोलका डबा हे सगळं आरामात चालतं. मिक्सरही चालेल. हे सगळं मिळून अर्धा किलोवॉट धरलं तर रात्रीच्या आठ तासांत चार युनिटं गेली. ४५ युनिटांच्या बॅटरीला ते जाणवणारही नाही, सकाळची शिर्डीची फेरी ठरल्याप्रमाणं होईल. बॅटरी ठरलेल्या टक्क्यांखाली आली की गाडी स्वतःच देणं थांबवते, आणि ती मर्यादा बऱ्याच गाड्यांत आपल्याला ठरवता येते. ती ४० टक्क्यांवर ठेवा. डिझेल जनरेटरचा आवाज आणि धूर जाईल, हा फायदा मी मान्य करते.

मळ्यातली पाच एचपीची मोटर मात्र याच्यावर चालणार नाही, दिरांना आत्ताच सांगून ठेव. ती थ्री फेज, ही सिंगल फेज. शिवाय मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, गाडी तिथंच हात वर करेल. गिझर आणि इस्त्री एकदम लावू नका.

एक्स्टेन्शन वायर जाड घ्या, गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण सोडा, नाहीतर तापते. बाकीच्या गावांत वायर दारात चेंगरते म्हणून मी लोकांना बजावते. शिंगणापुरात घराला दारच नाही, तेवढी एक काळजी मिटली. पण दार नाही म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पोराबाळांना आणि पावसालाही अडवणारं काही नाही, तेव्हा सॉकेट उंचावर आणि आडोशाला.

आणि आता ज्यासाठी खरं तर मी एवढं लिहायला बसले ते. मागं आले तेव्हा मी तुमच्या जनरेटरपाशी एक वायर पाहिली होती. दोन्ही टोकांना पिना असलेली. एक टोक जनरेटरला, दुसरं घरच्या सॉकेटात, की सगळं घर उजळतं. खेडोपाडी हे सर्रास चालतं, मला माहीत आहे. गाडी आल्यावर जावईबापूंना तीच वायर गाडीच्या अडॅप्टरला लावायचा मोह होणार, आणि कुणीतरी त्यालाच ‘ग्रीडला वीज देणं’ म्हणणार. ऐक. मेन स्विच पाडायला विसरलात तर गाडीची वीज सर्व्हिस वायरवरून मागं डीपीकडं जाते. डीपी ११ हजार व्होल्ट उतरवून आपल्याला देतो, पण उलट्या बाजूनं दिली तर चढवतोही. तो काही दिशा बघत नाही. सगळ्या आळीचा भार गाडीला पेलणार नाही, ती ट्रिप होईल, असं म्हणतील, आणि बहुतेक वेळा ते खरंही असेल. पण तुमच्या आळीचा वायरमन त्या ‘बहुतेक’वर विसंबून खांबावर चढतो का? तो लाईन बंद आहे म्हणून चढतो. आणि तुमची गाडी जोडलेली असतानाच महावितरणची लाईन परत आली, तर दोन बाजूंच्या, ताल न जुळलेल्या विजा एकमेकींवर आदळतात. तो महागडा बायडायरेक्शनल चार्जर एका क्षणात जाईल, आणि असल्या जोडणीवर वॉरंटी मागायला तोंड राहणार नाही.

घराच्या वायरिंगलाच गाडी जोडायची असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. एका वेळी महावितरण किंवा गाडी, दोन्ही कधीच नाही, अशी त्याची रचना असते. आणि तो लावणारा इलेक्ट्रिशियन परवानाधारक असू दे, कारण गाडीच्या सॉकेटाचं न्यूट्रल आणि अर्थिंग घराच्या अर्थिंगसारखं बांधलेलं असेलच असं नाही, आणि मग घरातलं शॉकपासून वाचवणारा ब्रेकर वेळेवर पडेल याचा भरवसा राहत नाही. हे त्यानं मोजून बघायला हवं. नाही जमलं तर सरळ एक्स्टेन्शन, उपकरण थेट गाडीला.

राहता राहिली वीज विकायची हौस. ती पुरवायला तुमची गच्ची आहे. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे, ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. ३ किलोवॉटवर चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिटं निघतात, आणि नेवाशाच्या उन्हाला काही कमी नाही. तिथं नेट मीटर मिळतं, तिथं बिल खरंच उतरतं. वरच्या मॉडेलला जे जास्तीचे पैसे घालणार आहात त्यातून आधी हे करा. वरच्या मॉडेलात रेंज जास्त आहे, शिर्डीच्या दोन फेऱ्या एका चार्जमध्ये होतात, म्हणून घेणार असाल तर खुशाल घ्या. ते कारण पक्कं आहे.

रविवारी शोरूमला जाल तेव्हा तू सोबत जा. त्या मुलाला विचार, ऑनबोर्ड चार्जर दोन्ही दिशांचा आहे का, किती केव्हीएचा, अडॅप्टर गाडीसोबत येतो की वेगळा विकत घ्यायचा, आणि व्हीटूएल वापरल्यानं बॅटरीच्या वॉरंटीला काही अट लागते का. उत्तरं कंपनीच्या कागदावर घे, व्हॉट्सॲपवर नको. मग हळूच विचार, महावितरणला वीज परत देता येते असं लिहून देतोस का? नाही देणार. त्यावर भांडू नकोस, लहान पोरगं आहे.

आणि ती दोन पिनांची वायर आज संध्याकाळपर्यंत पक्कडीनं तोडून टाक. फेकून देऊ नकोस, कुणीतरी उचलून पुन्हा वापरेल. तोड आणि मला फोटो पाठव.